कुठल्या भीमसेनांशी तुलना?

परभणी, सेलू किंवा गंगाखेडला एखाद्या तरुण गायकाची बैठक झाली, की दुसऱ्या दिवशी तिचा निकाल एका वाक्यात लागतो: गळा तयार आहे, पण भीमसेनांची सर नाही. गायिका असेल तर तिथे किशोरीताईंचे नाव येते, नाट्यगीत गाणारा असेल तर वसंतरावांचे. हा निकाल देणारे बहुधा चांगले कानसेन असतात आणि त्यांना जे वाटते ते मनापासून वाटलेले असते. म्हणून ‘प्रत्येक कलावंत वेगळा, तुलना करूच नये’ असे म्हणून हा विषय मिटवता येत नाही. तुलना हा ऐकण्याचाच भाग आहे. ज्याने एकदा मोठा मालकंस ऐकला आहे त्याला नवा मालकंस कोऱ्या कानाने ऐकता येणार नाही, आणि त्याने तसा ऐकूही नये. प्रश्न आहे तो पुढचा. ज्या भीमसेनांशी आपण तुलना करतो ते नेमके कोणते, हे आपण विचारतच नाही. एका पारड्यात साठ-पासष्ट वर्षांच्या गाण्यातून निवडून उरलेली ध्वनिमुद्रणे आणि दुसऱ्यात एका तरुणाची एकच संध्याकाळ, असा तराजू धरला की कौल आधीच लागलेला असतो. ख्याल, नाट्यसंगीत आणि आमच्या भागातला गोंधळ अशा तिन्ही ठिकाणी हा तराजू तपासून पाहिला, तर तुलना टाकून देण्याची गरज पडत नाही. ती नीट मांडावी लागते, एवढेच.

आधी जुन्यांचे आपल्यापाशी उरले आहे काय, ते पाहू. 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपत असे. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी आज ऐकताना आपण ज्या रेखीवपणाने थक्क होतो तो त्या तीन मिनिटांसाठी मुद्दाम घडवलेला आहे. तासभर रंगणाऱ्या त्यांच्या मैफलीचा तो नमुना म्हणता येणार नाही. केसरबाई केरकर तर ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत फार काटेकोर. मैफलीत कोणी यंत्र लावलेले त्यांना खपत नसे, आणि मोजक्याच तबकड्या त्यांनी मागे ठेवल्या. त्यांतलीच एक भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. म्हणजे केसरबाईंचे कोणते गाणे जगाने ऐकावे, हे बरेचसे केसरबाईंनीच ठरवले. आज सव्वीस वर्षांची गायिका बैठकीला बसते तेव्हा पुढच्या रांगेत मोबाइल सुरू असतात. तिचा लागलेला षड्ज आणि सुटलेला निषाद दोन्ही त्याच रात्री सगळीकडे पोचतात. उलट टोकाला भास्करबुवा बखले आहेत. 1922 साली गेलेल्या या गवयाचे एकही ध्वनिमुद्रण नाही. त्यांच्या थोरवीविषयी बालगंधर्वांपासून दिलीपचंद्र वेदींपर्यंत त्यांच्या सगळ्या शिष्यपरिवाराची साक्ष आहे, पण ‘भास्करबुवांची सर नाही’ असे आज कोणी कोणाला म्हणत नाही. अल्लादिया खाँसाहेबांचेही तेच. तेव्हा आपले माप थोरवीवर बेतलेले नाही, उपलब्ध तबकड्यांवर बेतलेले आहे. जे यंत्रात आले ते आदर्श झाले, जे आले नाही ते आदरणीय राहिले पण मापातून गळाले.

दुसरा मुद्दा वयाचा. तो इतका उघड आहे की सहज नजरेआड होतो. भीमसेन जोशी अकराव्या वर्षी गदगहून पळाले, उत्तरेत भटकले आणि 1936 च्या सुमारास कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला राहिले. 1946 साली पुण्यात गुरूंच्या साठीच्या समारंभात ते गायले आणि त्या गाण्याने त्यांचे नाव झाले. तेव्हा ते चोविशीत होते. आज तीस वर्षांच्या गायकाला ज्या भीमसेनांच्या शेजारी उभे केले जाते ते चोविशीतले नसतात. ते पन्नाशीतले, शेकडो मैफलींनी घासून निघालेले भीमसेन असतात. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या तबकड्या एचएमव्हीने 1930 च्या दशकातच काढल्या होत्या, तरी त्यांची पद्मश्री 1970 सालची आहे, म्हणजे वयाच्या एकोणसाठाव्या वर्षाची. देशभरच्या रसिकांनी त्यांना जे अढळ स्थान दिले ते उतारवयात. चाळिशीतल्या मन्सूरांवर कोणी कायमचा शेरा मारला असता तर तो आज हास्यास्पद ठरला असता. वसंतराव देशपांड्यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. आयुष्याची उमेदीची वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात गेली, गाणे नोकरी सांभाळून झाले, आणि 1967 च्या डिसेंबरात ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आले तेव्हा खाँसाहेबांच्या भूमिकेतले वसंतराव सत्तेचाळीस वर्षांचे होते. ज्या वसंतरावांचा दाखला देऊन आपण आजच्या पोराला गप्प करतो, ते वसंतराव महाराष्ट्राला उशिरा सापडले.

आणि ज्यांना आज आपण माप मानतो, ती माणसे स्वतः त्यांच्या काळात कोणत्या मापाने मोजली गेली? शिवपुत्र कोमकली नावाचा मुलगा 1936 साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये देवधरांच्या संगीत परिषदेत गायला तेव्हा तो अकरा-बारा वर्षांचा होता, आणि त्याची ख्याती होती ती थोरांच्या तबकड्यांची हुबेहूब नक्कल करण्याबद्दल. त्या नकलेवर सभा डोक्यावर घेत असे. पुढे क्षयाने पाच-सहा वर्षे गाणे बंद पडले, देवासच्या मुक्कामात माळव्याची लोकगीते कानांवर पडली, आणि उठून बसलेले कुमार गंधर्व जे गाऊ लागले त्यावर मात्र अनेक जाणकार नाराज झाले. आलाप तुटक आहे, घराणे दिसत नाही, ख्यालाची इमारत उभी राहत नाही, असे आक्षेप त्यांनी आयुष्यभर ऐकले. वामनराव देशपांड्यांचे ‘घरंदाज गायकी’ 1961 साली आले. घराण्यांची सौंदर्यदृष्टी इतक्या स्पष्टपणे मांडणारे दुसरे पुस्तक मराठीत क्वचितच असेल. पण त्या चौकटीतसुद्धा कुमारांना जागा करून देणे हा एक स्वतंत्र खटाटोप होता. किशोरी आमोणकरांना त्यांच्या आई आणि गुरू मोगूबाईंच्या शेजारी उभे करून विचारले गेले, की जयपूरची ती लयीला बिलगलेली, एकसंध आकारातली गायकी कुठे गेली? किशोरीताईंनी सूर लांबवला, रागाचा भाव धरून त्या थांबत गेल्या, आणि नेमके तेच आज त्यांच्या नावाने आदर्श म्हणून सांगितले जाते. नक्कल केली तेव्हा कुमारांना टाळ्या मिळाल्या आणि स्वतःचे गायले तेव्हा जाब विचारला गेला. आजच्या तरुणांना आपण अजून त्याच दोन खोल्यांत कोंडतो.

असे फक्त आपल्याकडे होते असे नाही. जॅझ हे आफ्रिकी-अमेरिकी समाजाने घडवलेले, जागच्या जागी रचत जाण्यावर उभे राहिलेले संगीत. 1940 च्या दशकात चार्ली पार्कर आणि त्याच्या साथीदारांनी त्यात नवी वळणे आणली तेव्हा खुद्द लुई आर्मस्ट्राँगनेच नाक मुरडले होते. पुढे पार्कर आदर्श झाला. 1980 च्या दशकात विंटन मार्सालिस आणि त्याच्या पिढीचे तरुण कोट-टाय घालून जुन्या वळणाने वाजवू लागले, तेव्हा त्यांच्यावर उलटा आरोप आला: तुम्ही माइल्स डेव्हिसचे 1960 च्या दशकातले वादन पुन्हा सजवून मांडता आहात. वेगळे वाजवले तर परंपरा मोडली, तसेच वाजवले तर परंपरेत अडकले. या वादाचा एक धागा आपल्या मुंबईतूनही जातो. गोव्याचा ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, हा ‘मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून ओळखला जाई. सी. रामचंद्रांबरोबर त्याने जे काम केले, 1951 च्या ‘अलबेला’त जे वाजवले आणि पडद्यावरही दिसले, ते आर्मस्ट्राँगपाशी कुठेच सापडणार नाही, हिंदी सिनेमाच्या गाण्यात त्या वाद्याला बसवण्याची कारागिरी त्याची आणि त्याच्या गोव्याच्या भाईबंदांची होती. पण बिरुदाने त्याला कायमचे कोणाची तरी मुंबई आवृत्ती करून ठेवले. आपल्याकडे ‘गंधर्व’ या पदवीने हेच काम केले आहे. सवाई, कुमार, छोटा, आनंद अशी ही माळ कौतुकानेच ओवली गेली, यात शंका नाही. तरी लहान मुलाच्या गळ्यात असे बिरुद पडले, की पुढची चाळीस वर्षे त्याला त्याचे व्याज फेडावे लागते.

इथे आजच्या पिढीविषयी थोडे परखड बोलले पाहिजे, कारण दोष सगळा श्रोत्यांचा नाही. गेल्या दशक-दीड दशकात तीन मराठी गायकांना चित्रपटातल्या पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला: आनंद भाटे यांना ‘बालगंधर्व’साठी, महेश काळे यांना ‘कट्यार काळजात घुसली’साठी आणि राहुल देशपांडे यांना ‘मी वसंतराव’साठी. तिघेही शास्त्रीय गाण्यात मुरलेले, तिघांचे गळे वादातीत. पण तिन्ही चित्रपट मागे वळून पाहणारे आहेत. एक बालगंधर्वांवर, एक 1967 च्या नाटकावर, एक वसंतरावांवर, आणि त्यात नातवाने आजोबांची भूमिकाही केली. महेश काळे अभिषेकीबुवांचे शिष्य आणि ‘कट्यार’च्या मूळ नाटकाचे संगीत अभिषेकीबुवांचेच, तेव्हा त्यांचा तिथला हक्क कोणी नाकारू नये, शिवाय त्यांना ज्या गाण्यासाठी गौरवले गेले ते चित्रपटासाठी नव्याने बांधलेले होते, ही गोष्ट मला मोलाची वाटते. तरीही एकंदर चित्र असे, की आपला समाज तरुण गळ्याला सर्वांत मोठी दाद देतो ती तो भूतकाळ जिवंत करतो म्हणून. दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धांनी ही सवय लहान मुलांपर्यंत नेली. दहा वर्षांच्या मुलीने लताबाईंचे गाणे किती जवळ जाऊन म्हटले यावर गुण मिळाले की ती जवळ जायलाच शिकते. कलावंतही या बाजाराला शरण जातात. भीमसेनांची मंद्रातून तार षड्जापर्यंत झेपावणारी तान उचलणे तालीम घेतलेल्या गळ्याला फार अवघड नाही. पण मुळात ती तान अर्धा तास एकेका स्वरावर साठवलेल्या दमानंतर सुटत असे. आधीची बढत कापून दहाव्या मिनिटाला तीच तान टाकली की टाळी मिळते आणि राग मात्र तिथेच थांबतो. जाणकाराने बोट ठेवावे ते इथे. तान भीमसेनांइतकी जोरकस नव्हती, हा आक्षेप कमकुवत आहे. ती तान त्या जागी का आली, हा प्रश्न खरा.

यावर एक गंभीर हरकत घेतली जाते आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. हरकत अशी, की पूर्वीची तालीमच वेगळी होती. गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहून पाणी भरणारा शिष्य आणि आठवड्यातून दोनदा ऑनलाइन शिकवणी घेणारा विद्यार्थी यांत फरक पडणारच. तेव्हा दर्जा खरोखर घसरला आहे आणि तुलनेतून तो फक्त उघडा पडतो. यात तथ्य आहे. पण तालमीइतकाच मोठा फरक वेळेचा आहे, आणि त्याची जबाबदारी तरुणांवर टाकता येत नाही. 1953 साली सुरू झालेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव कित्येक वर्षे रात्रभर चाले. पहाटेच्या रागांनी सांगता होई. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आले आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाले. नियमाची गरज मी नाकारत नाही. पण परिणाम असा झाला, की दरबारी, मालकंस, ललित, भटियार हे राग त्यांच्या वेळेला हजारोंच्या सभेत गाण्याची संधी एका अख्ख्या पिढीला जवळजवळ मिळालीच नाही. साडेआठला बसवून साडेनऊला ‘आता एखादा अभंग होऊ द्या’ म्हणायचे, आणि वर पूर्वीसारखी बढत ऐकू येत नाही अशी खंत करायची, हे न्यायाचे नाही.

हाच धक्का परभणी जिल्ह्यात गोंधळाला बसला आहे, आणि मला वाटते या प्रश्नाचे उत्तर शोधताना ख्यालापेक्षा गोंधळच जास्त शिकवतो. लग्नानंतर घातलेल्या गोंधळाचे रूप पाहा. चौरंगावर नवे वस्त्र, त्यावर धान्याचा चौक, कलश, देवीचा टाक, वर उसाच्या किंवा ज्वारीच्या पाच धाटांचा मांडव. बाजूला तेल पीत जळणारी दिवटी. नाईक झगा आणि कवड्यांची माळ घालून उभा राहतो. कमरेला बांधलेल्या संबळाच्या लहान-मोठ्या दोन तोंडांवर काठ्या पडू लागतात, शेजारी एकाच तारेचे तुणतुणे लय धरते. आधी गण, मग तुळजापूरच्या भवानीपासून माहूरच्या रेणुकेपर्यंत एकेका दैवताला नाव घेऊन गोंधळाला येण्याचे बोलावणे, मग उत्तररंगात आख्यान आणि शेवटी आरती. जुन्या रिवाजात यात रात्र सरत असे. गोंधळमहर्षी म्हणून गाजलेले राजाराम कदम हे परभणीचे. आजच्या गोंधळ्याची त्यांच्याशी तुलना होते, व्हावीही. पण ती कशी होते, हे बघण्यासारखे आहे. घरधनी आणि भावकी विचारतात, की सगळ्या देवांना बोलावणे झाले का, आपल्या कुळाची देवी राहिली नाही ना, आख्यान मध्ये तुटले का, मधल्या प्रश्नोत्तरांत साथीदाराने नाइकाला नीट पेचात धरले का, म्हातारी माणसे बसून राहिली का. यातला प्रत्येक प्रश्न त्या रात्रीच्या कामाशी बांधलेला आहे. कदमांचा आवाज याच्या आवाजात शोधायला कोणी निघत नाही, कारण पाठांतर सारखे असले तरी आख्यान त्या रात्री त्या अंगणात पुन्हा रचावेच लागते. विठ्ठल उमपांनी ‘जांभूळ आख्यान’ रंगभूमीवर नेले तेव्हा त्यांनीही हेच केले. द्रौपदीच्या मनातल्या कर्णाची ती गोष्ट गोंधळाच्या आख्यानपरंपरेतली. तिला उमपांनी आपला शाहिरी गळा आणि आपला अभिनय दिला, आणि कोणी त्यांना मूळ गोंधळ्याची नक्कल चुकली म्हणून धरले नाही.

गोंधळाविषयी मी भाबडेपणाने लिहितो आहे असे कोणी म्हणेल. लग्नाच्या धांदलीत गोंधळ आज बऱ्याच ठिकाणी दोन-तीन तासांत उरकतो, ध्वनिक्षेपकावर सिनेमाच्या चालीही शिरतात, आणि नाईक कमी पडतो तेव्हा लोक ते ओळखतातही. हे खरे आहे. पण ते ओळखतात कसे? आख्यान अर्धे सोडले, आवाहनात देव गाळले, अशा नेमक्या दोषांनी ओळखतात. माप असले की दोष नेमका सांगता येतो. ‘सर नाही’ या शेऱ्यात दोष सांगितलेलाच नसतो, म्हणून ऐकणाऱ्या तरुणाला त्यातून उचलण्यासारखे काही मिळत नाही.

मग दुसरी हरकत उरते: परिस्थिती आणि वय यांची सूट देत गेलो तर चांगले-वाईट ठरवायचे कशावर? सगळेच आपापल्या परीने थोर म्हणायचे का? मुळीच नाही. माझ्या मते अशी मांडणी जास्त कठोर ठरते. स्वर जागेवर आहे की नाही, विलंबितात सम अंगावर येते की गायक तिच्याकडे चालत जातो, बंदिशीचे शब्द लयीत मोडतात की लयीवर बसतात, तासाभरात रागाची किती अंगे उघडली, गुरूकडून आलेले आणि स्वतःचे यांचा सांधा कुठे दिसतो, हे प्रश्न भीमसेनांना लागू होते आणि आजच्या गायकालाही तसेच लागू आहेत. तिशीतल्या गायकाची तुलना करायची तर तिशीतल्या भीमसेनांच्या ध्वनिमुद्रणाशी, त्याच रागात, तितक्याच अवधीत करावी. कधी तरुण कमी पडेल, कधी बरोबरीला येईल, आणि दोन्ही वेळा काहीतरी कळेल. परीक्षा आणि श्रेणी यांचा उपयोग इथे मर्यादित आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या पायऱ्यांनी गावोगावच्या मुलांना स्वरतालाची शिस्त दिली. आकाशवाणीची श्रेणी ही आमच्यासारख्या भागातल्या गायकाला मिळणारी पहिली बाहेरची पावती असते. या दोन्हींतून किमान पात्रता कळते. त्यापलीकडे गाणे कुठे जाते हे ऐकणाऱ्यालाच ठरवावे लागते.

शेवटची हरकत आमच्या भागातल्या श्रोत्यांची, आणि ती मला सर्वांत जवळची. पुण्या-मुंबईच्या रसिकाने भीमसेन-किशोरीताई समोर बसून ऐकल्या. निजामी राजवटीत 1948 पर्यंत राहिलेल्या मराठवाड्याला संगीत नाटकांचे आणि मैफलींचे ते वैभव तुटकच मिळाले. आमच्या वाट्याला रेडिओ, कॅसेट आणि आता यूट्यूब आले, तेव्हा आम्ही ध्वनिमुद्रणाला माप मानतो यात आमची चूक काय? चूक कोणाचीच नाही. पण हाच श्रोता परभणीच्या तुराबुल हक यांच्या उरुसात कव्वालाला तासन्‌तास ऐकतो, हरिनाम सप्ताहात सात दिवस सात कीर्तनकार ऐकून कोणाचे निरूपण कुठे रंगले हे बारकाव्याने सांगतो. जनाबाईच्या गंगाखेडात ओवी प्रत्येक गळ्यात वेगळी होते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. प्रत्यक्ष ऐकून तोलण्याची सवय त्याच्यापाशी भरपूर आहे. फक्त ख्यालाची बैठक आली की तो ती सवय बाजूला ठेवून तबकडीशी ताळा घालू लागतो.

याचा उपाय थोडा आयोजकांच्या हातात आहे. 2000 च्या नियमांत बंद सभागृहांना रात्रीच्या बंदीतून वगळले आहे, आणि ठरावीक दिवसांसाठी उघड्यावरही मध्यरात्रीपर्यंत मुभा देण्याचा अधिकार राज्य सरकारला पुढे 2002 साली मिळाला. जिल्ह्याच्या गावी सभागृहे आहेत. वर्षातून एकदा एका तरुण गायकाला किंवा गायिकेला रात्री नऊला बसवून तीन-चार तास द्यावेत, दोन मोठे राग सलग मागावेत, आणि भीमसेनांच्या ‘संतवाणी’तल्या अभंगाची फर्माईश त्या रात्रीपुरती कोणी करू नये. त्यानंतर भीमसेनांचे नाव घेऊन जो काही निकाल द्यायचा तो खुशाल द्यावा. निदान तेव्हा दोन्ही पारड्यांत गाणे असेल.